हळद शिजेस्तोवर मिस्सा

"थांबव! अरे, थांबव म्हणतो ना गाडी! ते पाहा, कच्ची काढून राहिले! कच्ची!"

मी ब्रेक मारला. असा मारला, की वारंगा फाट्यापासून आमच्या मागं लागलेली धूळ आम्हाला ओलांडून पुढं निघून गेली. गाडी पुरती थांबायच्या आत मागचं दार उघडलं. पांढरा झगा, जांभळा कमरपट्टा, छातीवरचा चांदीचा क्रूस आणि त्या सगळ्याच्या आत असलेले सत्तरीचे बिशप, असे सगळे मिळून शेतात पळत सुटले.

शेतात हळदीची कढई उपसायचं काम चालू होतं. चार गडी, एक बाई आणि ढणढणता जाळ. त्या बिचाऱ्यांना काय माहीत, की आपल्या अंगावर पाच जिल्ह्यांचा धर्मगुरू चालून येऊन राहिला! एका गड्यानं तर फावडं टाकून सरळ हात वर केले.

"फेस आला होता का? वास सुटला होता का? मग काढली काहून?" असं ओरडत बिशपांनी झग्याच्या खिशातून तुराटी काढली. तुरीची वाळकी काडी. त्यांच्या खिशात जपमाळ एखाद्या दिवशी नसेल, तुराटी असणारच. ती त्यांनी वाफाळत्या हळकुंडात खुपसली. अर्ध्यावर अडली.

"पाहा! आरपार जायला पाहिजे ही. अजून दहा मिनिटं!"

हळद पुन्हा कढईत गेली. दहा मिनिटं बिशप जाळापाशी उभे. ज्या अंगठीचं लोक गुडघे टेकून चुंबन घेतात, ती पिवळीजर्द झाली. शेवटी तुराटी आरपार गेली, तेव्हा त्यांनी अशी काही आरोळी ठोकली, की शेजारच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, म्हशीनं दूध चोरलं. तिनं ते अजून सोडलेलं नाही असं ऐकतो.

बिशप म्हणजे फादर लोकांचे वरिष्ठ. पण हे गृहस्थ बिशप व्हायच्या आधी बावीस वर्षं आमच्याकडं साधे फादर होते, आणि त्यातली चौदा वर्षं मी त्यांची जीप हाकली. जीप म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. तिची तीन चाकं स्वतःची होती आणि चौथं देवाच्या भरवशावर होतं. कोणत्या देवाच्या, यावर आमचं कधी भांडण झालं नाही. माझं गाव नरसीच्या वाटेवरचं, गळ्यात माळ. त्यांच्या गळ्यात क्रूस. उतारावर ब्रेक लागेना झाला की दोघंही आपापलं चालू करायचो.

समुद्राकाठी केळीच्या बागेत वाढलेला हा माणूस कळमनुरी तालुक्यातल्या माळावर आला, तेव्हा त्यांच्याजवळ एक ट्रंक आणि एक व्हायोलिन होतं. व्हायोलिन पहिल्याच उन्हाळ्यात तडकलं. मग वाजवायला काही उरलं नाही म्हणून ते ओरडायला लागले, असं माझं मत. आवाज असा, की चर्चला माइक घेऊन द्यायला आलेला दाता पहिलं वाक्य ऐकूनच माइक परत घेऊन गेला. एका रविवारी मिस्सेत, म्हणजे त्यांच्या उपासनेत, ते "प्रभू तुमच्याबरोबर असो!" म्हणाले, तर तिकडं फाट्यावर एसटीच्या कंडक्टरनं डबल घंटी मारून गाडी सोडली. निम्मे प्रवासी खाली चहा पीत होते.

चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. कॅथलिक घरं मोजून अकरा. शेजारी लालसिंग नायकाचा तांडा, साठेक घरांचा. त्या तांड्यातला एक माणूस ख्रिस्ती नव्हता, झाला नाही. नायक कधीमधी डिवचायचा, "फादर, तुमी आमाला बाटवायला आलेत म्हन्तात लोक. कवा सुरू करता?"

"अरे, इतक्या वर्षांत तुम्हाला हळद धड शिजवायला शिकवता आलं नाही मला. बाटवणं लई दूर हाये!"

हळदीचं वेड त्यांना कुठून लागलं, देव जाणे. केळीवाल्या माणसानं हळदीवर इतकं प्रेम करणं म्हणजे माहेर सोडून नणंदेच्या गळ्यात पडणं. पण लागलं. आणि त्या वेडातून आमच्याकडं एक रीत पडली, जी रोमला अजून कळलेली नसावी.

हळद कढईत पाऊण तास उकळली पाहिजे. कमी झाली की कच्ची, जास्ती झाली की लगदा. तांड्यात मोबाईल होते, मोबाईलमध्ये घड्याळ होतं, पण त्या घड्याळावर कोणाचा विश्वास नव्हता. विश्वास होता मिस्सेवर. चर्चच्या भिंतीला लागून तांड्याची मोठी कढई मांडलेली. पाण्याला उकळी आली की सक्रीबाई खिडकीतून हात दाखवायची. हात दिसला की फादर घंटा वाजवायला सांगायचे आणि मिस्सा सुरू व्हायची. शेवटचं गाणं झालं की तिकडं जाळ ओढायचा. रोजची मिस्सा खरं तर वीस-पंचवीस मिनिटांची असते. पण हळदीच्या मोसमात फादर रोज प्रवचन करायचे, आणि ते असं बेतून करायचे की पाऊण तासाला मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. आत अकरा घरांचे लोक गुडघ्यावर, बाहेर साठ घरांचे लोक कढईभोवती, आणि दोन्हीकडचे कान एकाच आवाजाला. तांड्यातल्या लोकांना मिस्सा आतल्या अकरा घरांपेक्षा चांगली पाठ होती.

ही सक्रीबाई नायकाची आई. तांड्यात आईला याडी म्हणतात, म्हणून फादरही तिला याडी म्हणायचे. ती त्यांना एकट्यालाच "तू" म्हणायची. बाकी सगळ्यांना ती त्याहून खालचं काहीतरी म्हणायची.

फादरांचं एक वाक्य ठरलेलं: "अजून दहा मिनिटं." नवरा-बायको काडीमोडाच्या गोष्टी करत आले, की त्यांना कढईपाशी बसवायचे आणि म्हणायचे, अजून दहा मिनिटं. कोणी कोणाच्या धुऱ्यावर कुऱ्हाड घेऊन निघाला, अजून दहा मिनिटं. मी नोकरी सोडतो म्हणून चारदा सांगितलं, चारही वेळा अजून दहा मिनिटं. त्या हिशेबानं माझी नोकरी अजून चालूच आहे.

तर अशा ऐन हळदीच्या मोसमात ते पत्र आलं.

त्यांचा प्रायश्चित्तकाळ चालू होता. चाळीस दिवस उपास करायचा, आवडीचं काहीतरी सोडायचं. त्या वर्षी फादरांनी फाट्यावरची खिचडी सोडली होती, आणि हॉटेलवाला त्या दुःखानं खंगला होता. पत्र जाड, मोहोरबंद, दिल्लीहून. दिल्लीत पोपसाहेबांचे वकील असतात, त्यांचं. फादरांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग पुन्हा उभे राहून वाचलं.

दुसऱ्या दिवशी मिस्सेत ते प्रवचनाला उभे राहिले आणि बोललेच नाहीत. आत लोक वाट पाहून राहिले, बाहेर कढई उकळून राहिली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. शेवटचं गाणं होईस्तोवर सबंध कढईचा लगदा झाला होता. सक्रीबाई लगद्यात हात घालून उभी. आता हा बाहेर येऊन आभाळ फाडतो, म्हणून आम्ही सगळे कानात बोटं घालून तयार. फादर आले, लगदा पाहिला आणि गप्प खोलीत निघून गेले.

तांड्यात त्या दिवशी चूल पेटली नाही. ओरडले असते तर दोन घास सुखानं गेले असते.

"जीप काढ," दुपारी ते मला म्हणाले. "नांदेडला."

नांदेडला एक बुढे फादर राहायचे. आमच्या फादरांचे गुरू. पापं कबूल करायची ती त्यांच्याजवळ, सल्ला घ्यायचा तो त्यांच्याकडून. वय नव्वदीच्या पुढं, आणि कान दोन्ही गेलेले. आता विचार करा. एका बाजूला ठार बहिरा म्हातारा, दुसऱ्या बाजूला एसटी सोडणारा आवाज, आणि खिडकीबाहेर लिंबाखाली मी. मी कान झाकले होते, शपथेवर सांगतो. पण हात दोनच, आणि एका हातात चहाचा कप.

"मला बिशप करून राहिले!" आमचे फादर.

"काय?"

"बिशप! बिशप!" लिंबावरचे पोपट उडाले ते परत आले नाहीत.

"मग चांगलं आहे की," बुढे फादर म्हणाले.

"मी नाही जाणार! माझी माणसं तिकडं हायेत! आठ दिवसांत उत्तर मागितलं, मी नाही म्हणून कळवतो!"

"माणसांना विचारलंस?"

"विचारता येत नाही! जाहीर होईस्तोवर एका शब्दानं कोणाला सांगायचं नाही. तसा नियमच हाये! फक्त तुम्हाला सांगता येतं!"

बुढे फादर म्हणाले, "आणि त्यांनी आपण होऊन म्हटलं, की जा, तर?"

"ते? ते जन्मात म्हणणार नाहीत!"

"म्हटलं तर?"

आणि मग, मी आमच्या फादरांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो हळू आवाज. तरी रस्त्यापर्यंत गेला. "म्हटलं तर जाईन."

एवढं मोठं गुपित, आणि ते माझ्या पोटात! मी तांड्यात पोचलो आणि जीपचं इंजिन बंद व्हायच्या आत सांगून टाकलं, "फादर बिशप होऊन राहिले! सोडून चालले आपल्याला!"

सक्रीबाई हळद निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मागं तू म्हन्लता, फाट्यावर खिचडीची कढई येवढी मोठी हाय, की वाढपी व्हडीत बसून वाढते."

"ते वेगळं, याडी. हे खरं हाय."

"हट्ट्याच्या बाजारात बैल मानसावानी बोल्ला म्हन्लता."

"बोल्ला तो. पन हे—"

"जाय तिकडं."

साठ घरांत फिरलो. साठही घरांत हेच. आयुष्यभर ज्यानं राईच्या जागी हिमालय विकला, त्याच्याकडं खरा माल आला तर गिऱ्हाईक नाही! मग फादरांना जाऊन कबूल केलं, की मी बाहेरून ऐकलं आणि सगळ्यांना सांगितलं. ते घाबरून उठलेच. "मग? काय म्हणाले?"

"कोनी मानलं न्हाई."

"देवाची कृपा," म्हणून खाली बसले.

तांड्याचा तपास मात्र चालू होता. तिसऱ्या दिवशी नायक स्वतः आला. फादर खोटं बोलत नसत, ही मोठी अडचण. गुपित सांगायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही, या दोन्हीच्या मधे माणसाला जेवढी जागा उरते, तेवढ्यात ते उभे होते.

"फादर, तुमाला काय तकलीफ हाय?"

"सांगता येत नाही, नायक."

"नांदेडला कोनाकडं गेलते?"

"तेही सांगता येत नाही."

"बरं हुईल न्हवं?"

"ते माझ्या हातात नाही. आठ दिवस हायेत. त्यातले तीन गेले."

नायकाचा चेहरा कच्च्या हळकुंडासारखा झाला. तो उलट्या पावलांनी बाहेर गेला. अंगणातून तांड्यापर्यंत जायला पाच मिनिटं लागतात. रडणं दोन मिनिटांत ऐकू आलं.

त्या संध्याकाळी तांडा बसला. मीही होतो. मी दोनदा उठून सांगितलं, की बाबांनो, बिशप, बिशप! मला दोनदा खाली बसवलं. नायकानं निवाडा केला तो असा: फादरला मोठा आजार आहे. नांदेडच्या डागदरानं आठ दिवस दिले. मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेले तर वाचतील, पण जात न्हाईत. काहून जात न्हाईत? तर आपली हळद. अर्धी हळद अजून जमिनीत हाय आन् ह्यो मानूस आपल्या हळदीपायी मरून राहिला.

सातव्या दिवशी सकाळी सबंध तांडा चर्चपुढं आला. मी सांगतो म्हणून शंभर ट्रॅक्टर समजू नका. खरोखर तीनच होते. पण माणसं सगळी होती. म्हातारी बाजेवर आणली होती, लेकरं खांद्यावर होती. बायकांनी ठेवणीतले आरशांचे घागरे घातले होते, आणि सकाळच्या उन्हात ते असे लकाकत होते, की चर्चच्या पत्र्यावर चांदण्या फिरून राहिल्या होत्या. फादर दारात आले.

नायक पुढं झाला. रात्रभर पाठ केलेलं विसरला आणि एवढंच म्हणाला, "फादर, तुमी जा."

फादरांनी दाराची चौकट धरली. "काय म्हणालास?"

"जा म्हन्लो. आमच्यापायी अडकू नका. हळद आमी पाहून घेऊ. बराबर शिजवू. घड्याळ लावून शिजवू."

"सगळ्यांचं हेच म्हणणं हाये?"

सगळ्या माना हलल्या. सक्रीबाई पुढं आली. तिनं त्यांच्या गालावर हात ठेवला. हळदीचा हात, पाची बोटं उमटली. "जाय रं लेकरा," ती म्हणाली. "तू जाय."

आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

आता बोलायचं होतं मी. एक वाक्य पुरे होतं: फादर, हे तुमाला दवाखान्यात जा म्हनून राहिले. तांड्यानं नसतं मानलं, पण फादरांनी मानलं असतं. दिल्लीला नकार गेला असता आणि माणूस आमच्याकडंच राहिला असता. चौदा वर्षांत ज्या जिभेला ब्रेक नव्हता, तिला त्याच वेळी ब्रेक लागला. का लागला? म्हातारीचा हात त्यांच्या गालावर होता, तो मधे घालून बोलवेना, हे एक. आणि दुसरं, खरं सांगतो, बिशपला नवी गाडी मिळते असं मी ऐकलं होतं. थंड हवेची.

फादर म्हणाले, "अजून दहा मिनिटं." आणि कढईपाशी जाऊन सगळ्यांमधे खाली बसले. उठले तेव्हा थेट खोलीत गेले आणि पत्र लिहिलं.

उत्तर गेलं, पण जाहीर व्हायला तीन आठवडे लागले. आणि त्या तीन आठवड्यांत फादर पुन्हा ओरडायला लागले! पहिल्याहून दुप्पट! तुराटी घेऊन धुऱ्याधुऱ्यानं पळायचे. तांड्यानं यातूनही आपला अर्थ काढला. नायक डोळे पुसत म्हणायचा, "शेवटचा जोर हाय."

मग एका दुपारी साडेतीनला घंटा वाजली. रोममध्ये तेव्हा बारा वाजतात. तिकडं नाव वाचलं, इकडं घंटा. भलत्या वेळची घंटा ऐकून तांडा समजायचं ते समजला. शेतातून, गोठ्यातून माणसं ऊर बडवत धावत आली. येऊन पाहतात तो दारात फादर उभे, डोक्यावर जांभळी टोपी, ती जराशी वाकडी.

"जित्ते हायेत!" नायक किंचाळला.

मग फादरांनी सांगितलं. आता सांगता येत होतं. बिशप केलंय, दूर जावं लागेल, तुम्ही जा म्हणालात म्हणून हो म्हटलं. नायक मटकन खाली बसला. "आमी जा काहून म्हन्लो मंग? आमी त्यासाठी न्हाई म्हन्लो—" आणि तिथं सक्रीबाईनं त्याच्या पाठीत असा एक धपाटा घातला, की पुढचं वाक्य आजतागायत त्याच्या पोटातच आहे. मग ती माझ्याकडं वळली. एखाद्या दगडाला पान फुटलेलं पाहावं तसं माझ्याकडं पाहत म्हणाली, "ह्यो खरं बोल्लता." खरं माहीत असून त्या सकाळी मी बोललो नाही, म्हणून त्यानंतर तांड्यात मला कोणी चहा विचारायला दोन वर्षं लागली.

याला आता बारा वर्षं झाली. बिशप दर मोसमात एकदा येतात. पाच जिल्ह्यांची कामं असतात, नव्या चर्चांच्या कोनशिला असतात, तरी येतात. तांड्याला आता वाफेचा कुकर आलाय, ट्रॅक्टरवर बसवलेला, शिट्टी वाजवतो. सक्रीबाई गेली. तिच्या मातीला बिशप आले होते. झग्यानिशी खांदा दिला. खड्ड्यात मूठभर माती टाकली आणि तुराटीही टाकली.

तर या वर्षी, त्या कच्च्या हळदीच्या शेतातून ते परत गाडीत येऊन बसले. अंगठी पिवळी, झगा पिवळा, तोंड लाल. खूश. थंड हवेचं यंत्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात बंद करायला लावलं होतं, ते बारा वर्षं बंदच आहे. काच उघडी ठेवून बसतात. तांड्याचं वळण आलं आणि मला राहवलं नाही. आरशात पाहत मी सगळं सांगून टाकलं. की त्या दिवशी त्यांनी बिशप व्हायला जा म्हटलंच नव्हतं. तुम्ही आठ दिवसांचे सोबती, असं त्यांनी धरलं होतं. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही.

ज्या माणसाचा आवाज तीन कोसांवर जातो, त्याचा तीन फुटांवरून आवाज नाही. मी वेग कमी केला.

"महाराज, त्यांना वाटलं तुमी मरून राहिले."

"मलाही तसंच वाटून राहिलं होतं," ते म्हणाले. "काच वर घे, धूळ येतेय."